चॉकलेटची तबकडी

आमच्या हमरापुरात दर वर्षी गणपती किती तयार होतात, याचा नक्की आकडा तुम्हांला कुणी सांगणार नाही. विचारायला गेलात तर कारखानदार आधी तुमच्या काखेत सरकारी फाइल नाही ना, हे न्याहाळून घेईल आणि मग 'होतात आपले देवाच्या कृपेनं' असं म्हणून चहा मागवील. पण हमरापुरात जॅझ संगीताच्या तबकड्या किती आहेत, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो. चारशे साडेसोळा. आणि त्या सगळ्या माझ्या आहेत. साडेसोळातल्या 'साडे'चा हिशेब पुढे येईल.

हमरापूर म्हणजे दिवा-रोहा गाडीनं पेणच्या अलीकडचं स्टेशन. हमरापूर, जोहे, कळवे ही आमच्याकडची गावं बारा महिने गणपती करतात. विसर्जनाचे ढोल थांबले की पुढल्या वर्षीच्या मूर्तीला हात लागतो. ओटीवर गणपती, पडवीत गणपती, माळ्यावर गणपती. श्रावणात पाहुणा आला तर त्याला 'बसा' म्हणण्याआधी दोन गणपती उचलून तिसरीकडे ठेवावे लागतात. अशा गावात एका माणसानं साडेतीन भिंती काळ्या तबकड्यांनी भरून टाकाव्यात, हे गावाला पचायला वेळ लागला. 'जॅझ' हा शब्द गावात तीन तऱ्हांनी उच्चारला जातो: जाझ, झ्यांज आणि 'ते'. यातला तिसरा उच्चार आमच्या वहिनीचा. "भावोजी 'ते' लावून बसलेत," असं ती शेजारणीला अशा आवाजात सांगते की शेजारणीनं सहानुभूतीनं मान हलवावी. भजनी मंडळाचे एक बुवा तर एकदा माझ्याकडे झांजांची चांगली रेकॉर्ड मागायला आले होते. मी त्यांना एक ड्रमवाल्याची ऐकवली. ते पूर्ण ऐकेपर्यंत बसले, उठले, आणि चपला घालताना म्हणाले, "हात चांगला आहे. पण सम कुठे ठेवतो?"

आमच्या आबांचा गणपतीचा कारखाना होता. मोठा भाऊ, म्हणजे दादा, आठव्या वर्षापासून शाडू मळायला लागला. मलाही बसवून पाहिलं होतं. माझ्या हातचा पहिला उंदीर आबांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "हत्ती बरा झालाय. आता उंदीर कर." मी शिकावं आणि मुंबईला नोकरी धरावी, असा ठराव घरात त्याच रात्री एकमतानं पास झाला असावा. १९७२ साली मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि गिरगावातल्या दीड खोलीत राहायला लागलो. दादा मागे राहिला. कुणी काही बोललं नाही, पण आबांच्या शेजारचा दुसरा पाट तेव्हापासून रिकामा राहिला, एवढं खरं.

१९५८ साली डेव्ह ब्रूबेक मुंबईत वाजवून गेला, १९६३ साली ड्यूक एलिंग्टन, १९६४ साली खुद्द लुई आर्मस्ट्राँग. त्या वेळी मी पेणच्या एस.टी. स्टँडवर बत्तासे खात असणार. मला जॅझ लागलं ते १९७८ साली, आणि तेही फुकट पासामुळे. त्या वर्षी मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली. आमच्या कचेरीतल्या एका गोवेकर सहकाऱ्याकडे जादा पास होता. 'यात्रा' हा शब्द ऐकून मी निघालो. उघड्यावरचं थिएटर, वर चांदणं, आणि स्टेजवर अमेरिकेहून आलेला सॉनी रॉलिन्स सॅक्सोफोन घेऊन उभा. मला काहीही कळलं नाही. पण भजनात एखादा जुना बुवा एकच चरण घेऊन बसतो, त्याला उलटा करतो, सुलटा करतो, भलत्याच गल्लीत नेऊन सोडतो आणि आता हा काही परत येत नाही असं वाटावं तोच समेवर हजर होतो, तसला प्रकार चाललाय एवढं ध्यानात आलं. रात्री गिरगावात परतताना माझे पाय माझ्या परवानगीशिवाय ताल धरून चालत होते. चाळीच्या जिन्यावर एका शेजाऱ्यानं 'कुठून?' असं विचारलं. मी 'यात्रेहून' म्हणालो. त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला.

तिथून पुढे माझा पगार एक तारखेला येऊन दोन तारखेला काळाघोड्याला जायला लागला. तिथलं 'ऱ्हिदम हाउस' म्हणजे आमचं पंढरपूर. ते २०१६ साली बंद झालं. आत काचेच्या छोट्या खोल्या असत. रेकॉर्ड घेण्याआधी तिथे उभं राहून ऐकायची सोय होती. मी इतक्या रेकॉर्डी घेण्याआधी ऐकल्या आणि इतक्या कमी घेतल्या, की मला पाहिलं की काउंटरवरचा माणूस 'यांचं ऐकून झालं की पंखा बंद करा' अशा नजरेनं आत बघायचा.

खरी शिकार मात्र चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर. तिथला पहिला नियम असा, की हवी असलेली वस्तू दिसली तरी चेहऱ्यावर आनंद दिसता कामा नये. आनंदाला तिथे भाव आहे, आणि तो तत्काळ किमतीत मिळवला जातो. मी आरशासमोर उभा राहून चेहऱ्यावर 'घरी कुणीतरी आजारी आहे' असा भाव आणायचा सराव केला होता. सौभाग्यवतींनी दोनदा मीठ-मोहरी ओवाळली. पण दुकानदार माझा चेहरा बघतच नसत, ते माझे हात बघत. थेलोनियस मंकचं कव्हर दिसलं की माझा डावा अंगठा आपोआप थरथरायचा. एकदा एका दुकानदारानं सरळच सांगितलं, "साहेब, तोंड ठीक आहे. हात खिशात ठेवत जा."

दुसरा नियम, आतली तबकडी काढून पाहावी. हा मी एकदाच विसरलो. माइल्स डेव्हिसच्या कव्हरातून घरी सत्यनारायणाची कथा निघाली. दोन्ही बाजूंनी. पैसे दिलेले असल्यामुळे मी ती पूर्ण ऐकली, प्रसादाचा शिराही सौभाग्यवतींनी त्याच वेळी केला, आणि पुढे ती रेकॉर्ड हमरापुरात तेरा वास्तुशांतींना गेली. माझ्या संग्रहातली गावानं आपण होऊन मागून नेलेली ती एकमेव तबकडी. ती चारशे साडेसोळांत धरलेली नाही.

दीड खोलीत दोन माणसं, एक पाळणा आणि दोनशे रेकॉर्डी मावत नाहीत, हे सिद्ध व्हायला फार दिवस लागले नाहीत. मी एकेक पेटी हमरापूरला नेऊन ठेवू लागलो. कोकणातला पाऊस आणि रेकॉर्ड यांचं जमत नाही. कव्हरांना बुरशी येते, आणि ती घालवायला म्हणून उन्हात ठेवावी तर तबकडीचा पेणचा पापड होतो. मी दर शनिवारी येऊन त्या पुसत बसायचो आणि दादा शेजारी बसून गणपतींना हात लावत असायचा. एकदा त्यानं विचारलं, "ही आणि ही, दोन्ही एकच ना रे? मग दोन कशाला?"

मी त्याला समजावून सांगू लागलो. रेकॉर्ड करताना आधी एका मऊ लेप दिलेल्या तबकडीवर रेघ कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून सोलून काढतात, तो बाप. बापावरून पुन्हा थर काढतात, ती आई. आईवरून काढतात तो ठसा, आणि त्या ठशानं शेकडो रेकॉर्डी दाबून काढतात. ठसा झिजत जातो. म्हणून पहिल्या घाण्यातल्या रेकॉर्डीला मोल जास्त. पुढे कुणी वीस वर्षांनी पुन्हा काढली तर मूळ फीत जुनी झालेली, करणारा हात वेगळा...

"कळलं," दादा म्हणाला. "साचा."

मी गप्प बसलो.

"नव्या साच्यातून पहिले गणपती काढावेत तर सोंडेवरची वळी मोजून घ्यावी. पुढे पुढे वळ्या बुजतात, बोटं जाड येतात. मग लोक तयार गणपतीवरूनच पुन्हा साचा काढतात. त्याच्यावरून परत दुसरा काढतात. शेवटी देव राहतो, चेहरा जातो." मग त्यानं माझ्या हातातली तबकडी उजेडात तिरपी धरली आणि म्हणाला, "पण आम्ही सगळेच बुडवतो रे. तू काय करणार यांचं?"

या प्रश्नाला संग्राहकाजवळ उत्तर नसतं. तो पुढली रेकॉर्ड शोधायला निघतो.

२६ जुलै २००५ च्या पावसाचा एक प्रसंग मला पुष्कळ उशिरा कळला. मी मुंबईत कचेरीच्या टेबलावर रात्र काढत होतो. इकडे आमच्या ओटीवर पाणी चढलं. कारखान्यात रंगवून झालेले गणपती ओळीनं जमिनीवर होते. दादानं आधी माझ्या पेट्या माळ्यावर चढवल्या. मग तो गणपतींकडे वळला, तेव्हा खालची रांग भिजून बसली होती. वहिनीनं हे सांगितलं ते दोन वर्षांनी, आणि तेही भांडताना. दादाला विचारलं तर म्हणाला, "गणपती काय, पुन्हा करता येतात."

२००८ साली निवृत्त होऊन मी हमरापूरला राहायला आलो. तोवर जगानं रेकॉर्डी टाकून दिल्या होत्या. आणि मी त्या नीट लावून ठेवतो न ठेवतो तोच जगाला पुन्हा रेकॉर्डींची आठवण झाली. आता जुन्या रेकॉर्डी नव्यानं निघतात. जाड, चकचकीत, आणि अशा किमतीच्या की त्या पैशांत आबांच्या काळी एखाद्या सार्वजनिक मंडळाचा गणपती आरासीसकट झाला असता. आमची मुलगी बंगळूरला असते. तिनं मला माइल्स डेव्हिसचा १९५९ सालचा 'काइंड ऑफ ब्लू' असा नवा घेऊन दिला. माझ्याकडे तो जुना होताच, अमेरिकेत छापलेला, चोरबाजारात अंगठ्याच्या थरथरण्याची किंमत देऊन घेतलेला. मी मुलीला नव्या आणि जुन्यातला फरक ऐकवायला बसलो. जुन्यातली ऊब, जुन्यातला श्वास वगैरे वगैरे. सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्यांनी लहानपणी चार वर्षं पेटी शिकली आहे. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पहिली चढी लागतेय."

"काय?"

"जुनी. स्वर चढा आहे. नवी बरोबर आहे."

मी हसलो. संग्राहक असा हसतो तेव्हा त्याच्या घरच्यांनी जपून राहावं. मुलीनं फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. त्या दिवशी स्टुडिओतलं मुख्य यंत्र जरा हळू चाललं होतं. त्यामुळे त्या रेकॉर्डीची पहिली बाजू जगभर वर्षानुवर्षं किंचित चढ्या स्वरात वाजत राहिली, आणि दुरुस्ती झाली ती थेट १९९० नंतरच्या आवृत्त्यांत. म्हणजे चाळीस वर्षं ज्या मूळ प्रतीसाठी माझ्यासारखे लोक जीव टाकत होते ती चुकीची होती, आणि ते ओळखायला मेथीची जुडी पुरली. मी दोन्ही रेकॉर्डी ठेवल्या आहेत. जुनी जास्त आवडते. पण आता ती लावताना मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतो.

याच मुलीनं २०१२ साली मला नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे मुंबईच्या जॅझवरचं पुस्तक दिलं होतं, आणि माझी झोप गेली. मी अमेरिकेच्या गल्लीबोळांतले वाजवणारे पाठ करत बसलो होतो आणि इथे ताजमहाल हॉटेलात १९३० नंतरच्या काळात जॅझ वाजत होतं! वाजवणारे कोण, तर पुष्कळसे गोव्याचे. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेली ही मंडळी रात्री हॉटेलांत वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. १९७७ साली अमिताभ बच्चननं ज्याचं नाव घेऊन अंड्यातून बाहेर उडी मारली तो अँथनी गोन्साल्विस खराच होता, माजोर्ड्याचा व्हायोलिनवाला, संगीतकार प्यारेलालचा गुरू. आणि त्या सगळ्यांत मला भेटला तो चिक चॉकलेट.

हे नाव खोटं वाटतं. खरं नाव आन्तोनियो झेवियर वाझ, गाव अल्दोना. ट्रंपेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्याबरोबर तो काम करायचा आणि १९५१ सालच्या 'अलबेला'त तर त्याचा बँड पडद्यावर दिसतो. तो १९६७ साली गेला. 'अलबेला'! ज्या भगवानदादांच्या गाण्यांवर आमच्या गावची सबंध पिढी विसर्जनाला नाचली! मी लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून जी पिपाणी ऐकली, तिच्यात हा माणूस होता, आणि मी त्याला शोधत रंगभवनात गेलो होतो.

त्याच्या बँडच्या स्वतंत्र तबकड्याही निघाल्या होत्या, जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या, लाखेच्या. या तबकड्यांत लाख, दगडाची भुकटी आणि काजळी असते. लाख बव्हंशी आपल्याच जंगलांतली. म्हणजे पळसावरच्या किड्यांनी कष्ट केले नसते तर अमेरिकेतला आर्मस्ट्राँगही कुणाच्या घरी वाजला नसता. मी चिकची तबकडी अकरा वर्षं शोधली. चोरबाजारात विचारलं, पणजीत विचारलं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारलं. शेवटी ती होती हमरापूरपासून पाच स्टेशनांवर, रोह्याला.

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या पुतण्याला मांडववाल्यांकडून कळलं, की रोह्यात एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता आणि घरात जुन्या रेकॉर्डींची ट्रंक आहे. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. पेण, कासू, नागोठणं, निडी, रोहा. कुंडलिकेच्या अलीकडे त्यांचं कौलारू घर. काकांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे, आवाज अजून लाउडस्पीकरचा. त्यांनी ट्रंक उघडली आणि मी हात खिशात घातले.

वरच्या सगळ्या तबकड्या पांढऱ्या पडलेल्या होत्या. जुन्या फोनोला प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची असते, पण लग्नाच्या धंद्यात ते परवडत नाही. एका सुईवर अख्खी वरात निघते. 'अलबेला'च्या तर तीन तबकड्या झिजून तव्यासारख्या झाल्या होत्या. आणि तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काळीभोर, आरशासारखी एक तबकडी. मी लेबल वाचलं. खिशातल्या खिशात दोन्ही अंगठे थरथरले.

"ती चॉकलेटची," काका म्हणाले. "तिची एक गंमत आहे. आमच्या वडिलांचं इंग्रजी अक्षरं लावण्यापुरतं. त्यांना 'चॉकलेट' एवढं लागलं. त्यांना वाटलं लहान पोरांचं गाणं आहे, बारशाला लावायला बरं. लावली एकदा एका बारशाला. पाळण्यातलं पोर असं दचकलं, की बायकांनी पाळण्याऐवजी आमच्याकडे मोर्चा वळवला. त्यानंतर ती कध्धी बाहेर काढली नाही."

"आणि ते पोर?"

"एस.टी.त ड्रायव्हर झालं. हॉर्न फार वाजवायचा."

म्हणजे ती तबकडी कुणाला नको होती म्हणून शाबूत राहिली. मी किंमत विचारली. काकांनी मान हलवली. "पैसे काय करायचे? तुम्ही हमरापूरचे ना? कुणाचे?"

मी आबांचं नाव सांगितलं. काका खुर्चीत सरळ झाले.

"आबांचा गणपती यायचा आमच्याकडे. १९८८ पर्यंत. दर वर्षी मी स्वतः आणायचो, टोपलीत, मांडीवर घेऊन. पुढल्या वर्षी आलो तर आबा गेलेले. तुमच्या भावानं दिला तो चांगलाच होता, पण तो नव्हता. आता तर सगळे सीरियलमधल्या देवासारखे, दंड फुगवलेले. आबांचा गणपती कसा, जेवण झाल्यावर हात धुऊन निवांत बसलेला वाटायचा." ते थोडा वेळ थांबले. "तो आणा. ही घेऊन जा."

चोरबाजारात मी सगळ्या प्रकारचे दुकानदार पाहिले होते. पण समोरचाही मूळ साच्याच्या मागावर असलेला संग्राहक निघावा, हे पहिल्यांदाच.

घरी येऊन मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. आबांचा साचा प्लॅस्टरचा, पाच तुकड्यांचा. आबांनंतर रबराचे साचे आले, गिऱ्हाइकांना मोठे, भरजरी गणपती हवेसे झाले, आणि तो साचा माळ्यावर गेला. तो शोधायला आम्हांला माझ्या अकरा पेट्या उतरवाव्या लागल्या. त्यांच्या मागे, गोणपाटात, तो होता. डाव्या कानाचा तुकडा फुटलेला.

"कान हातानं करीन," दादा म्हणाला. "पण आखणीचं काय?"

आखणी म्हणजे डोळे. मूर्तीचं बाकी सगळं कुणीही करील, आखणी हा ज्याचा त्याचा हात. दादाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं, आणि हाताला कंप. चार वर्षं त्यानं ब्रश धरला नव्हता. आमची सूनबाईच आखणी करते, उत्तम करते. दादानं तिलाच सांगावं असं मी सुचवलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी मंकच्या ऐवजी सत्यनारायण आणला होता.

शाडू त्यानं स्वतः मळला. पाऊस लागलेला, मूर्ती वाळता वाळेना. तिच्याजवळ दिवा लावून ठेवायचा आणि रात्री उठून तिला फिरवायची. फिरवायचं काम माझ्याकडे होतं. तबकडी फिरवण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव कुठेतरी कामाला आला. श्रावणात एका पहाटे दादानं मला उठवलं. कारखान्यात दोघंच. म्हणाला, "बॅटरी धर. हलवू नकोस." त्यानं उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू दिला आणि श्वास धरला. पहिल्या रेघेला मला वाटलं, गेलं. मग कंप थांबला की त्यानं तो रेघेत जिरवला कोण जाणे, पण गणपतीनं डोळे उघडले आणि जेवण होऊन हात धुतलेल्या माणसासारखं आमच्याकडे बघितलं. मी सत्तरी ओलांडली होती, आणि आबांच्या कारखान्यात मी केलेलं हे पहिलं काम, बॅटरी धरण्याचं.

पुतण्याच्या टेंपोतून गणपती रोह्याला गेला. काकांनी तोंडावरचं फडकं बाजूला केलं. बघितलं. पुन्हा झाकलं. एक शब्द न बोलता आत गेले आणि वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आले. "कान नवीन आहे," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी जाड सुई लावली, फेऱ्या अठ्ठ्याहत्तरवर घेतल्या आणि सगळ्यांना बसवलं. दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटांचा मामला. थोडी खरखर आणि त्यातून ट्रंपेट असा वर आला, की भिंतीशी ठेवलेले गणपतीसुद्धा कान हलवतील. वहिनी 'ते' म्हणाली नाही. दादा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हा आपला भगवानदादाच्या पिक्चरमधला." कुणी सांगितलेलं नसताना! मग म्हणाला, "घाण आहे जरा तिच्यावर. म्हणून खरखरतेय." मी 'हो' म्हणालो आणि झोपायला गेलो. आयुष्यातली इतकी महागडी 'हो' मी लग्नातसुद्धा म्हटलेली नाही.

सकाळी ओटीवर दादा बसला होता. मांडीवर तबकडी, हातात चिंधी, बाजूला स्पिरिटची बाटली.

सुतार पॉलिश कसं करतो, ते तुम्हांला ठाऊक असेल. चपडा लाख स्पिरिटमध्ये टाकतो; लाख विरघळते. लाखेची तबकडीही विरघळते. साबणाच्या कोमट पाण्यानं ती पुसतात, स्पिरिटनं कधीच नाही.

"बरीच घाण होती रे," दादा समाधानानं म्हणाला आणि काळीकुट्ट चिंधी मला दाखवली. "निघता निघेना. ही बाजू झाली. आता उलटी करतो."

चिंधीवर चिक चॉकलेट होता. पहिल्या बाजूच्या रेघा धुक्यातल्या शेतासारख्या दिसत होत्या. माझ्या तोंडाशी आलं ते मी कसं गिळलं, ते माझं मला माहीत. माझ्या डोळ्यांसमोर २००५ सालची ओटी होती आणि डोक्यावर पेटी घेऊन शिडी चढणारा माणूस होता. मी म्हटलं, "दादा, दुसरी बाजू राहू दे. ती स्वच्छच आहे."

"बघ हं. नंतर म्हणशील."

"नाही म्हणत."

तर ती अर्धी. पहिल्या बाजूला आता नुसता समुद्र ऐकू येतो, मधूनच लांब कुठेतरी कुणी ट्रंपेट वाजवल्याचा भास. दुसरी बाजू मात्र झकास. दादाला ती इतकी आवडली आहे की संध्याकाळी तोच म्हणतो, "ती चॉकलेटची लाव. मी पुसलेली." पुसलेली बाजू कोणती, हे त्याच्या लक्षात नाही आणि घरात ते कुणी त्याला सांगायचं नाही, असा वहिनीचा हुकूम आहे.

१९ सप्टेंबरला चतुर्थी होती. रोह्याचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"पोचवला हो आत्ताच. नदीला पाणी चांगलं आहे. विरघळायला वेळ लागला नाही, शाडूचा ना." जरा वेळ नुसते ढोल ऐकू आले. "तुमच्या भावाला सांगा, साचा नीट ठेवा. पुढल्या वर्षी तोच पाहिजे. कान या वेळी जरा मोठा झालाय. आणि हे बघा, काल ट्रंक आवरताना खाली आणखी एक सापडली. तिच्यावरही चॉकलेटच लिहिलंय."

दादा त्याच दिवशी माळ्यावर चढून गोणपाट बदलून आला. मी खाली शिडी धरून उभा होतो. स्पिरिटची बाटली आता कुठे आहे, ते मात्र त्यानं अजून दोनदा विचारलं आहे.